सीतापूरचा खण

माझ्या विहीणबाईंनी पाप केलं, असं अणदुरात त्यांच्या गल्लीत बोललं जातं. पाप काय, तर त्यांनी एक हिरवी चोळी घातली. चोळीचा खण कुठला, तर देवीच्या ओटीचा. आणि तो खण त्यांच्या ओटीत घातला कुणी, तर मी. मग पाप असलंच तर ते माझं. पण माझ्या तोंडावर कुणी येत नाही. मी पडले जळकोटची, मुलीची आई असले तरी परक्या गावची, आणि माझा नवरा धडधाकट आहे. बोलायला सगळ्यांना दैवशालाबाईच सापडतात. म्हणून झालं ते सरळ लिहून काढते.

दैवशालाबाई म्हणजे माझ्या शिवप्रियाच्या सासूबाई. ऐन सव्विशीत त्यांचे मालक गेले. गोरोबा त्यांचं नाव. मेंढरं घेऊन कर्नाटकाच्या बाजूला गेलेला माणूस, रस्ता ओलांडताना ट्रकखाली आला. पदरात मल्हार, तो अजून नीट बोलायलाही लागला नव्हता. मेंढरं राखायला माणूस राहिला नाही, म्हणून बाईंनी चार शेरड्या ठेवल्या, आणि शाळेत खिचडी शिजवायचं काम धरलं. तेव्हापासून आजपर्यंत त्या दुसऱ्यांच्या पोरांना वाढतायत. त्यांनी स्वतः कधी बसून, कुणी वाढलेलं, गरम खाल्लं असेल असं मला वाटत नाही. मल्हार शिकला, पोस्टात लागला, सोलापूरला राहतो. माझ्या मुलीला त्यानं सुखात ठेवलंय, त्यात सगळं आलं.

लग्नातलं मात्र सांगते, कारण पुढचं सगळं तिथून निघालं. आमच्याकडं वरमाईला मान असतो. साडी, ओटी, पाय धुणं. मी स्वतः तुळजापुरात हिंडून दैवशालाबाईंसाठी मोरपंखी काठाची साडी घेतली होती. मानाची वेळ झाली तशी त्यांच्या चुलत सासूबाई, धुरपताबाई, पाटावर येऊन बसल्या. म्हाताऱ्या आहेत, पण सवाष्ण आहेत. "तिला कशी चालंल गं ओटी? मी हाय की!" म्हणाल्या. भटजींनी लगेच मंत्र सुरू केला. माझ्या हातची साडी धुरपताबाईंच्या ओटीत पडली. ज्या बाईनं पोरगा वाढवला ती तेव्हा मंडपाच्या मागं, आचाऱ्याजवळ, भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवत उभी होती. तो राग मी त्या दिवसापासून बाळगून होते.

गेल्या दिवाळीनंतर मल्हारला नोकरीतून फिरायला जायची सवलत मिळाली. त्यानं ठरवलं, आईला विमानात बसवायचं, पोर्ट ब्लेअरकडचं एक बेट दाखवायचं. शिवप्रियानं मला ओढलं. "आई, तू चल, नाहीतर त्या एकट्या खोलीत बसून राहतील."

ही बातमी अणदुरात कळली त्या दिवशी मी तिथंच होते. धुरपताबाई ओसरीवर येऊन बसल्या, सोबत शेजारच्या सिताबाई. सिताबाईंचेही मालक नाहीत. त्या कधी काही बोलत नाहीत, नुसत्या ऐकतात.

"कशाचं आलंय फिरणं?" धुरपताबाईंनी सुरुवात केली. "नवरा गेलेल्या बाईनं समुद्रावर जाऊन काय करायचं?"

दैवशालाबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आत्या, आपला खंडोबा वर्षातनं दोन म्हैने नळदुर्गाला ऱ्हायला जातो. त्याला कुणी इचारलंय, कशापायी निघालास म्हणून?"

"देवाचं देवाला शोभतंय."

"मंग मी देवाच्याच गावची हाय की."

मल्हारला हसू आवरेना. त्यानं विषय बदलायला म्हणून फोन काढला आणि बेटावरच्या जागा वाचून दाखवल्या. भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर, सीतापूर.

धुरपताबाईंचा चेहराच पालटला. "अगं बया! सगळी रामाचीच गावं की! मंग तीर्थाला निघालाव असं सांग ना बाबा."

"आजी, तिथं नुसता समुद्र हाय. देऊळ..."

"देवळाबिगर गाव असतंय व्हय? गप बस. शिकला म्हणून लई कळतंय का तुला?"

मल्हारनं फोन खिशात टाकला. आणि खरं सांगायचं तर मलाही धुरपताबाईंचंच पटलं. दैवशालाबाईंनाही. सीतापूर असं नाव असलेल्या गावात सीतामाई नसेल, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातच आलं नाही. आमच्याकडं गावाचं नाव आणि देव वेगळे निघत नाहीत.

झालं. फिरणं गेलं आणि तीर्थयात्रा आली. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी मिळून सीतामाईची ओटी काढली. हिरवा इरकली खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ. नारळ मल्हारनं घरीच ठेवायला लावला, तिकडं पावलोपावली झाडं आहेत म्हणून. ओटी दिली माझ्या हातात. दैवशालाबाईंनी पिशवी धरायला हात पुढं केला, तर धुरपताबाई म्हणाल्या, "तू नगं. विहीणबाई भरतील. तू लांबनं नमस्कार कर." सिताबाईंनी पदराच्या टोकात मूठभर तांदूळ आणले होते. तेही धुरपताबाईंनी मिसळू दिले नाहीत. सिताबाई तशाच परत निघाल्या, तेव्हा दैवशालाबाईंनी त्यांना दारात थांबवलं आणि ते तांदूळ आपल्या रुमालात बांधून घेतले. "मी नेते," एवढंच म्हणाल्या.

पोर्ट ब्लेअरहून आम्ही जहाजानं त्या बेटावर उतरलो. पहिले दोन दिवस माझा नुसता संताप झाला. हॉटेलवाल्यानं गाडी ठरवून दिली होती. ड्रायव्हर भरतपूरच्या किनाऱ्यावर सोडायचा आणि म्हणायचा, फोटो काढा, लवकर या. तिथं पाण्यात पाय ठेवायला जागा नाही. नावा, इंजिनांची घरघर, धुराचा वास, कुणी बाई पाण्यात पडली म्हणून तिच्या घरचे खिदळतायत, कुणी शिट्ट्या मारतंय. संध्याकाळी लक्ष्मणपूरला सूर्य बुडताना बघायचा, तर पुढं फोनच फोन वर धरलेले, सूर्य कुणाच्या तरी हातामागं. आणि जेवायला हॉटेलात काय? पनीर. एवढा समुद्र ओलांडून यायचं आणि सोलापूरच्या धाब्यावरचं पनीर खायचं! वर ताटाला नाव "महाराष्ट्रीयन थाळी". मटकीत साखर आणि भाकरीच्या नावाखाली जाड चपाती. दैवशालाबाईंनी एक घास खाल्ला, ताटाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "शाळंतली खिचडी बरी."

त्याहून राग आला तो आमच्या मजल्यावरच्या एका पुण्याच्या बाईंचा. नाष्ट्याला त्यांनी दैवशालाबाईंकडं बघून शिवप्रियाला विचारलं, "तुमच्या मावशी का? स्वयंपाकाला सोबत आणल्यात?" शिवप्रिया पोळीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाली, "नाही. त्यांनीच आम्हांला आणलंय." माझी लेक मला तेव्हा फार आवडली.

दैवशालाबाई पहाटे उठणाऱ्या. शाळेचा आणि शेरड्यांचा धाक अंगात मुरलेला. तिसऱ्या दिवशी मला जाग आली तर त्या आंघोळ करून, कपाळाला भंडारा लावून, चपला घालून दारात उभ्या. "विहीणबाई, येताव का? गाडी नगं. पायी."

"कुठं?"

"जिकडं माणसं न्हाईत तिकडं."

आम्ही निघालो. बेट लहानसं, मधून एक डांबरी सडक, दोन्ही बाजूंनी सुपारीची उंच झाडं आणि केळी, मधेच भाजीचे वाफे. वांगी, भोपळे, भेंडी. दैवशालाबाई प्रत्येक वाफ्यापाशी थांबायच्या. "माती काळी न्हाय, पण बाई कष्टाळू दिसती." वाफा बघून त्यांना बाईच दिसायची. वाटेत एक माणूस सायकलवर भाजी बांधत होता, त्याला त्यांनी आमच्या हैदराबादी वळणाच्या हिंदीत विचारलं, "भैया, सीतापूर किदर कू है?" त्यानं उजाडत होतं त्या दिशेला हात केला. बराच वेळ चाललो. माझे गुडघे बोलायला लागले, त्यांचे पाय थांबेनात.

सडक संपली तिथं गवत आणि मग एकदम पाणी. कुणी नाही. खरंच कुणी नाही. एक कुत्रं वाळूत झोपलेलं, त्यानं डोळा उघडला आणि परत मिटला. पाणी असं, की आधी पांढरं, मग पोपटी, मग निळं, आणि त्याच्या पलीकडून सूर्य वर येत होता. लाटांचा आवाजही दबका. दैवशालाबाईंनी चपला काढल्या, त्या देवळाबाहेर ठेवतात तशा जोडीनं ठेवल्या, आणि पाण्यात घोट्यापर्यंत गेल्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "मालकाला दाखवायचं ऱ्हायलं."

मग आम्ही देऊळ शोधायला लागलो. किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. झाडी, खडक, वाळलेली पोवळी. सीतामाई कुठं दिसेना.

सडकेच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली चूल पेटलेली दिसली. तिथं एक बाई पुऱ्या तळत होती. आमच्याच वयाची, बंगाली, हातात शंखाच्या बांगड्या. दोन बाकडी, एक टेबल, अंगणात तुळस. गिऱ्हाईक नाहीच. आम्ही विचारलं, सीतामाईचं मंदिर कुठाय? ती हसली. "मंदिर नहीं, दीदी. हमारे बाप-दादा उधर बंगाल से आए, तब यहाँ जंगल था. डर लगता था. तो रामजी के घरवालों के नाम रख दिए." मग अंगणातल्या तुळशीकडं बोट करून म्हणाली, "पूजा करना है तो ये है."

तिचं नाव शेफाली. तिनं आम्हांला बसवलं. पांढऱ्या मैद्याच्या फुगलेल्या पुऱ्या, आणि हरभऱ्याची डाळ, त्यात खोबऱ्याचे बारीक तुकडे आणि जराशी साखर. दैवशालाबाईंनी पहिला घास घेतला आणि भुवया वर गेल्या. "अगं, ही तर आपल्या पुरणाची डाळ! आमटी करून टाकली बाईनं!" आणि खाल्ल्या. एक पुरी संपली की शेफाली दुसरी टाकायची. दैवशालाबाई उठून आपलं ताट उचलायला गेल्या, तर शेफालीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. "आप बैठो. मैं है ना." विहीणबाई बसल्या. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिरचीचं नव्हतं, कारण डाळीत मिरची नव्हतीच.

मग आम्ही रोज तिथंच. मल्हार-शिवप्रियालाही नेलं. एका दुपारी शेफालीनं मोहरी वाटून मासा केला. आम्ही मटणातली माणसं, समुद्राचा मासा कधी तोंडात घातलेला नाही. काटे कसे काढायचे ते शेफालीनं तिच्या हातानं शिकवलं. रविवारी मात्र दैवशालाबाई म्हणाल्या, "आज खंडोबाचा वार. आज डाळच दे." शेफालीला तेवढ्यावरच समजलं. ती म्हणाली, आमच्याकडं गुरुवारी मासा नसतो.

पण ओटी राहिली होती. पिशवी रोज माझ्याबरोबर यायची आणि रोज परत जायची. निघायच्या आदल्या दिवशी मी म्हणाले, समुद्राला सोडू. नदीची ओटी भरतात तशी. मल्हार मला म्हणाला, "मामी, कापड पाण्यात नका टाकू, कासवांच्या गळ्यात अडकतं."

दैवशालाबाई म्हणाल्या, "आन समुद्र काय तो खण शिवून घालणार हाय?"

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते मी केलं. कुणाला विचारलं नाही. शेफालीकडून पाट मागितला, तिच्या तुळशीसमोर ठेवला आणि म्हणाले, "विहीणबाई, बसा."

"मी?"

"तुम्ही. लग्नात तुमचा मान राहून गेला. माझ्या हातून तो दुसऱ्याच्या ओटीत गेला. आज मी तो देणार."

"अवो, मला चालत न्हाय."

"कुणाला चालत नाही? सीतामाईला? ती एकटी वनात दोन लेकरं वाढवणारी बाई. तिला तुमचा विटाळ वाटेल होय? तिच्याच गावात उभ्या आहात तुम्ही."

त्या पदराचं टोक हातात धरून उभ्या. एवढ्या वर्षांत ओटीसाठी पदर पसरायचा कसा तेच विसरल्यासारख्या. मग बसल्या. मी कुंकू काढलं, तर त्यांनी मान हलवली. "कुंकू नगं. मालकाच्या नावचं ते, मालकासंगं गेलं. भंडारा लावा." त्यांच्याच पिशवीतला भंडारा मी त्यांच्या कपाळाला लावला. भंडाऱ्याला कोण सवाष्ण, कोण विधवा कळत नाही, तो सगळ्यांना पिवळं करतो. नारळ शेफालीनं तिच्या झाडाचा दिला. खण, हळकुंड, सुपारी, गल्लीचे तांदूळ त्यांच्या ओटीत घातले. शेवटी त्यांनी स्वतःच रुमाल सोडला आणि सिताबाईंचे तांदूळ त्यात मिसळले. शेफालीनं तोंडानं शंखासारखा काहीतरी आवाज काढला, त्यांच्याकडं शुभ वेळेला काढतात तसा. शिवप्रियानं फोटो काढला.

तो फोटो तिनं स्टेटसला ठेवला आणि आम्ही सोलापुरात उतरायच्या आधी अणदुरात वणवा पेटला. देवीची ओटी विधवेनं घेतली! धुरपताबाईंनी फोनवर मल्हारला ऐकवलं, "तुझ्या आईला न्हाय कळत, तुला तरी कळाया पायजे हुतं. खण माघारी आणा. तो मी तुळजापूरला न्हिऊन देवीला वाहते, म्हंजी दोष जाईल." देवीला दोष लागतो आणि तो धुरपताबाई घालवणार! मला हसावं की रडावं कळेना.

आमच्याकडं तीर्थाहून आलं की मावंदं घालतात, सगळ्यांना जेवू घालतात, तरच यात्रा पुरी होते. आता गल्लीनं आम्हांला तीर्थाला धाडलं होतं, म्हणजे मावंदं घालायचंच होतं. आणि गल्लीनंच ठरवलं, खण परत मिळेस्तोवर दैवशालाबाईंच्या दारी कुणी जेवायचं नाही. मल्हार म्हणाला, "आई, दे गं टाकून. नवीन दहा खण आणतो." मलाही क्षणभर तेच बरं वाटलं, राग असला तरी त्यांना त्याच गल्लीत राहायचं होतं, मला नाही. दैवशालाबाई एवढंच म्हणाल्या, "बघू." आणि मावंद्याचा दिवस रविवार धरला.

मी आदल्या दिवशीच जळकोटाहून गेले. पुरण शिजत होतं, घर गुळाच्या वासानं भरलेलं. सकाळी पंगतीच्या वेळी ओसरी रिकामी. शेजारच्या दारात बायका उभ्या, पण उंबरा कुणी ओलांडेना. शेवटी धुरपताबाई पुढं आल्या, मागून सिताबाई आणि बाकीच्या.

"दैवशाला, जेवायच्या आदी खण आण."

दैवशालाबाई आतून आल्या. दोन्ही हातांत पोळ्यांची परात. अंगात हिरवी चोळी, बाहीला इरकलीचे काठ, नवं कापड कडक, टाके ताजे. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती शिवायला टाकली होती आणि आम्हांला कुणाला सांगितलं नव्हतं.

"ह्यो बघा की, आत्या. शिवलाय. न्हेयाचा तर उसवावा लागंल." आणि परात खाली ठेवून हात जरा बाजूला धरून उभ्या राहिल्या. "उसवा."

धुरपताबाईंचा हात पुढं आला. खरंच आला, मी बघितला. मग तो तिथंच थांबला. अंगातल्या चोळीचा टाका उसवायचा म्हणजे काय, हे त्यांनाही बाईमाणूस म्हणून कळलं असावं. हात परत पदरात गेला.

"उपाशी घालवताव का आता मला?" असं कुरकुरत त्या भिंतीकडं तोंड करून पंगतीत बसल्या. त्या बसल्या म्हणून बाकीच्याही बसल्या. दैवशालाबाईंनी सगळ्यांना वाढलं. पोळी, तूप, भात, आणि खोबऱ्याचे तुकडे घातलेली गोडसर डाळ.

धुरपताबाईंनी भिंतीकडंच बघत विचारलं, "ही कसली आमटी?"

"सीतापूरची."

त्यांनी दोन घास खाल्ले आणि तोंड न वळवता वाटी मागं सरकवली. "वाढ."

माझा राग अजून गेलेला नाही. डाळीची वाटी परत भरून घेतली म्हणून लग्नातल्या पाटाचा हिशेब मिटत नाही, आणि गल्लीत अजूनही कुजबुज आहेच, मी ती ऐकते. पण पंगत उठल्यावर सिताबाई हात धुऊन तशाच थांबल्या. कधी न बोलणारी बाई दैवशालाबाईंच्या बाहीचा काठ दोन बोटांत धरून बघत होती.

"माझं तांदूळ पोचलं?" त्यांनी विचारलं.

"ह्या ओटीतच हुतं," दैवशालाबाई म्हणाल्या.

सिताबाईंनी मान डोलावली. मग माझ्याकडं वळल्या. "विहीणबाई, असला खण तुमच्या जळकोटात मिळतो का वो?"

मी म्हणाले, मिळतो. पुढच्या रविवारी घेऊन येते.